सभासद अर्ज कागदावरून पडद्यावर नेताना

चोपडा तालुक्यातील एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी गेली १४ वर्षे लिपिक म्हणून काम करतो. माझे शिक्षण कला शाखेचे असून त्यानंतर ग्रंथालय प्रमाणपत्राची परीक्षा दिली, आणि संगणकाशी माझा संबंध पत्रे टंकलिखित करणे व वार्षिक अहवालाचे तक्ते भरणे एवढाच होता. एप्रिल ते ऑगस्ट २०२४ या काळात मी वाचनालयाच्या सभासद नोंदणीसाठी एक छोटा प्रोग्राम तयार केला. त्यातील जो भाग पाहणाऱ्याला सर्वांत सोपा वाटतो, म्हणजे नाव लिहायचा चौकोन, गाव निवडायची यादी आणि जतन करण्याचे बटण, त्याच भागाने माझा सर्वाधिक वेळ घेतला. माझ्यासारख्या अननुभवी माणसाला कोठे अडखळायला होते, हे विसरण्याआधी लिहून ठेवावे म्हणून हा मजकूर.

आमचा सभासद अर्ज एका पानाचा छापील कागद आहे. नाव, गाव, जन्मतारीख, मोबाइल क्रमांक, स्त्री की पुरुष, सभासदाचा प्रकार, अनामत, वर्गणी आणि खाली सही, असे त्याचे रकाने. भरलेले अर्ज फाइलला लागतात आणि त्यांवरून सभासद नोंदवही लिहिली जाते. एप्रिलमध्ये वर्गणीचे नवे वर्ष सुरू झाले की जुना सभासद येतो, त्याला आपला सभासद क्रमांक आठवत नसतो, आणि मग मी व आमचे ग्रंथपाल, ज्यांना सगळे गाव अण्णा म्हणते, दोघे मिळून तीन नोंदवह्या उलटसुलट करतो. हा शोध संगणकावर व्हावा, एवढीच मूळ इच्छा होती.

२१ एप्रिलच्या कार्यकारी मंडळाच्या सभेत विषय ठेवला. सभेने दोन अटी घातल्या आणि त्या ठरावात लिहून घेतल्या: कागदी नोंदवही बंद करायची नाही, आणि प्रोग्राम बनवण्याच्या साधनासाठी एक रुपयाही परवाना शुल्क द्यायचे नाही. दुसरी अट अवघड नव्हती, कारण मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ या साधनाची कम्युनिटी आवृत्ती एकट्या व्यक्तीला आणि आमच्यासारख्या लहान संस्थेला विनामूल्य वापरता येते. तरीही ते लेखी हवे म्हणून परवान्याच्या अटींची छापील प्रत काढून ठरावाला जोडली. वाचनालयाचा संगणक ४ जीबी रॅमचा आणि जुन्या हार्ड डिस्कचा होता. त्यावर हे साधन कसेबसे चालले असते, पण काम करता आले नसते. रॅम आणि एसएसडीसाठी तीन दरपत्रके मागवली. निवडणुकीचे दिवस असल्याने अध्यक्ष प्रचारात होते, त्यामुळे दरपत्रकांवर सही व्हायला नऊ दिवस गेले. अखेर २ मे रोजी चोपड्याहून २,१०० रुपयांची एसएसडी, १,३५० रुपयांची रॅम आणि बसवण्याचे २०० रुपये, असा ३,६५० रुपयांचा खर्च झाला. पावती वाचनालयाच्या नावाने घ्यायला विसरू नये. मी पहिल्यांदा माझ्या नावाने घेतली आणि ती बदलून आणायला पुन्हा एसटीने जावे लागले.

पुढच्या तीन रात्री मोबाइलच्या इंटरनेटवर डाउनलोड करण्यात गेल्या. इंस्टॉल करताना अनेक पर्यायांची मोठी यादी समोर येते आणि सगळेच उपयोगी असेल या भीतीने माणूस सगळ्यांवर खुणा करू लागतो. विंडोजच्या फॉर्मसाठी, म्हणजे माहिती भरायच्या चौकटीसाठी, फक्त ‘डॉट नेट डेस्कटॉप डेव्हलपमेंट’ हा एकच संच पुरतो. माझा रोजचा डेटा संपल्याने पदरचे १४८ रुपये भरून जादा पॅक घेतला. तो खर्च ठरावात बसत नव्हता.

त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १० मे रोजी होती. बहीण माहेरपणाला आली आणि तिच्यासोबत भाचीही आली. भाची संगणकशास्त्र शिकून पुण्यात नोकरी करते. पुरणपोळी आणि आमरसाचे जेवण झाल्यावर मी तिला संगणकासमोर बसवले आणि मोठ्या अभिमानाने दाखवले की, मी नवीन प्रकल्प उघडला आहे. खरे तर त्या पायरीवरही मी अडलो होतो, कारण यादीत ‘विंडोज फॉर्म्स ॲप’ नावाचे दोन नमुने दिसतात. एकाच्या नावात पुढे ‘डॉट नेट फ्रेमवर्क’ असे लिहिलेले असते. तो जुन्या पद्धतीचा. मी दुसरा निवडला होता, तो योग्य निघाला. पडद्यावर ‘फॉर्म१’ असे शीर्षक असलेली एक कोरी राखाडी चौकट होती. ती पाहून भाचीने संगणक बंद करायला सांगितले.

“मामा, आधी मला तुमचे जुने अर्ज दाखवा. प्रत्येक रकान्यात लोक खरोखर काय लिहितात, ते मला पाहायचे आहे.”

हा सल्ला त्या वेळी मला वेळकाढूपणा वाटला. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर ऊन रणरणत असताना, आम्ही दोघे वाचनालयात पंख्याखाली बसून गेल्या तीन वर्षांचे अर्ज चाळत होतो. गावाच्या रकान्यात ‘चहार्डी’, ‘चहारडी’ आणि ‘मु. पो. चहार्डी’, ‘अकुलखेडा’ आणि ‘अकुलखेडे’, एका अर्जावर तर केवळ ‘येथीलच’. जन्मतारखेच्या रकान्यात वयस्क सभासदांनी फक्त वर्ष लिहिलेले होते, आणि एका आजोबांनी ‘दुष्काळाच्या सालचा’ असे लिहिले होते. मोबाइलच्या रकान्यात दोन दोन क्रमांक होते, आणि काही ठिकाणी ‘मुलाचा’ असा शेरा. अण्णांना हे सगळे वाचता येत होते, कारण ते गाव ओळखतात. संगणक गाव ओळखत नाही. भाचीने एका वहीत दोन रकाने आखले: डावीकडे अर्जातला प्रश्न आणि उजवीकडे त्यासाठी कोणता कंट्रोल. कंट्रोल म्हणजे फॉर्मवर ठेवायची प्रत्येक वस्तू, मग ते लेबल असो, टेक्स्टबॉक्स असो वा बटण. ज्याचे उत्तर कोणीही काहीही देऊ शकतो, तिथे टेक्स्टबॉक्स, म्हणजे लिहायचा चौकोन. ज्याची उत्तरे ठरलेली आणि दोन-चारच आहेत, तिथे रेडिओ बटणे, ज्यांतले एकच निवडता येते. ठरलेली पण पुष्कळ आहेत, तिथे कॉम्बोबॉक्स, म्हणजे उघडणारी यादी. आणि होय की नाही एवढेच हवे, तिथे चेकबॉक्स, म्हणजे खुणेचा चौकोन. ही वही मी अजून जपून ठेवली आहे.

१३ मे रोजी मतदानाची सुट्टी होती. सकाळी मत देऊन आलो आणि दिवसभर फॉर्मवर बसलो. डावीकडच्या टूलबॉक्समधून कंट्रोल ओढून फॉर्मवर सोडायचा, मग उजवीकडच्या प्रॉपर्टीजच्या खिडकीत त्याचे गुणधर्म बदलायचे, एवढी ती कृती. ही खिडकी दिसेनाशी झाली तर एफ-४ दाबावे, आणि तयार झालेला फॉर्म चालवून पाहण्यासाठी एफ-५. दोन गुणधर्मांतला फरक मला अर्धा दिवस कळला नाही. ‘टेक्स्ट’ म्हणजे वापरणाऱ्याला जे दिसते ते, आणि ‘नेम’ म्हणजे प्रोग्रामच्या ओळींत आपण त्या कंट्रोलला ज्या नावाने हाक मारतो ते. मी सगळ्यांचे टेक्स्ट बदलले आणि नेम तसेच ठेवले, त्यामुळे संध्याकाळी माझ्याकडे टेक्स्टबॉक्स१ पासून टेक्स्टबॉक्स७ पर्यंत सात चौकोन होते आणि मोबाइलचा चौकोन कोणता, हे फॉर्मकडे बोट दाखवून मोजावे लागत होते. कंट्रोल ठेवल्याबरोबर, दुसरे काहीही करण्याआधी, त्याला नाव द्यावे. नंतर करू म्हटले की ते होत नाही.

मराठी अक्षरांचा प्रश्न त्याच दिवशी आला. लेबलांचा मूळ फॉन्ट बारीक होता आणि ‘वर्गणी’मधला रफार अण्णांना दिसत नव्हता. एकेका लेबलाचा फॉन्ट बदलत बसण्याची गरज नसते. संपूर्ण फॉर्मचाच फॉन्ट बदलला, मी निर्मला यूआय १२ निवडला, की आतल्या ज्या कंट्रोलना स्वतंत्र फॉन्ट दिलेला नाही ते सगळे तोच फॉन्ट घेतात आणि फॉर्मही त्या प्रमाणात मोठा होतो. हे काम सुरुवातीलाच करावे, कारण नंतर केल्यास जुळवून ठेवलेली मांडणी हलते.

२० मे रोजी भाची पुण्याला परतली आणि खरी परीक्षा सुरू झाली. २५ तारखेला माझ्याकडून एका लेबलावर चुकून दोनदा क्लिक झाले. त्याबरोबर प्रोग्रामच्या ओळींचे पान उघडले आणि त्यात त्या लेबलाच्या नावाचा एक रिकामा तुकडा आपोआप तयार झाला. हा कचरा नको म्हणून मी तो पुसून टाकला. पुढच्या वेळी फॉर्म उघडायला गेलो तर फॉर्मच्या जागी इंग्रजीतला लांबलचक त्रुटीसंदेश होता आणि माझी बारा दिवसांची मांडणी कोठेच दिसत नव्हती. त्या रात्री मी जेवलो नाही, हे सांगायला संकोच वाटतो. सकाळी भाचीने फोनवर उलगडा केला. मांडणी कोठेही गेलेली नव्हती. आपण फॉर्मवर जे जे ठेवतो ते सारे ‘डिझायनर’ नावाच्या एका वेगळ्या फाइलमध्ये ओळींच्या रूपात लिहिले जाते. लेबलावर क्लिक झाले तर अमुक तुकडा चालव, अशी एक ओळ तिथे नोंदली गेली होती आणि तो तुकडा मी पुसल्यामुळे ती ओळ अनाथ झाली होती. तेवढी एक ओळ काढताच फॉर्म परत आला. असा तुकडा काढायचा असेल तर प्रॉपर्टीजच्या खिडकीतील विजेच्या चिन्हाखाली घटनांची, म्हणजे क्लिकसारख्या कृतींची, यादी असते, तिथून तो आधी रिकामा करावा आणि मगच ओळी पुसाव्यात. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सगळ्या प्रकल्पाची एक प्रत पेनड्राइव्हवर, तारखेचे नाव देऊन, ठेवू लागलो.

जून महिना बहुतेक रेडिओ बटणे आणि कॉम्बोबॉक्स यांत गेला. स्त्री, पुरुष आणि इतर अशी तीन रेडिओ बटणे, आणि त्याखाली साधारण, बाल आणि आजीव सभासद अशी आणखी तीन. चालवून पाहिले तर ‘स्त्री’ निवडल्यावर ‘साधारण’ची निवड नाहीशी होत होती. एकाच जागेत ठेवलेली सगळी रेडिओ बटणे एकमेकांची प्रतिस्पर्धी असतात. सहांपैकी एकच निवडले जाणार. दोन ग्रुपबॉक्स, म्हणजे कंट्रोल एकत्र ठेवायच्या चौकटी, ठेवून तीन तीन बटणे त्यांत घातल्यावर हा प्रश्न सुटला, मात्र बटणे ग्रुपबॉक्सच्या आत खरोखर गेली आहेत का, हे ग्रुपबॉक्स हलवून पाहावे. माझे एक बटण वरून आत दिसत होते पण बाहेरच होते. आणखी एक गोष्ट मी मुद्दाम केली. सुरुवातीला कोणतेही बटण निवडलेले ठेवले नाही. ‘साधारण’ आधीच निवडलेले असते तर घाईत प्रत्येक बालसभासद साधारण झाला असता.

गावांच्या कॉम्बोबॉक्समध्ये परिसरातील गावे वर्णानुक्रमे भरली. पहिल्या दिवशी अण्णांनी त्यात सरळ ‘चहारडी’ टाइप केले आणि ते जतनही झाले, म्हणजे ज्या रोगासाठी औषध आणले तो रोग तसाच राहिला. कॉम्बोबॉक्सचा ‘ड्रॉपडाउनस्टाइल’ हा गुणधर्म मुळात असा असतो की, यादीतून निवडताही येते आणि हाताने लिहिताही येते. तो ‘ड्रॉपडाउनलिस्ट’ केला की फक्त यादीतलेच गाव घेता येते. यादीच्या शेवटी ‘इतर’ ठेवले, आणि ते निवडल्यावरच बाजूचा टेक्स्टबॉक्स लिहिण्यासाठी खुला होईल असे केले. गाव न निवडताच जतन केले तर प्रोग्राम कोसळत होता, कारण तेव्हा निवडलेली वस्तू अस्तित्वातच नसते आणि आपण तिचे नाव विचारत असतो. काहीच निवडलेले नसेल तर कॉम्बोबॉक्समधील निवडीचा क्रमांक उणे १ असतो. तो आधी तपासावा.

जन्मतारखेने मला सर्वांत जास्त खजील केले. त्यासाठी ‘डेटटाइमपिकर’ नावाचा छान दिसणारा कंट्रोल आहे. बाण दाबला की दिनदर्शिका उघडते. पण हा कंट्रोल मुळात रिकामा राहूच शकत नाही. त्याला हात लावला नाही तर त्यात आजची तारीख असते. चाचणीसाठी भरलेल्या नोंदींत चार ज्येष्ठ नागरिक जून २०२४ मध्ये जन्मलेले निघाले, आणि अण्णांनी ते सर्वांदेखत मोठ्याने वाचून दाखवले. ‘शोचेकबॉक्स’ हा गुणधर्म चालू केला तर तारखेच्या आत एक खुणेचा चौकोन येतो आणि खूण काढली की ‘तारीख माहीत नाही’ असे धरता येते. तो उपाय मी दोन दिवस ठेवला आणि मग काढून टाकला, कारण आमच्या वाचनालयाला पूर्ण जन्मतारीख लागते कशाला, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. बालसभासदाचे वय कळले की पुरते. मग फक्त जन्मवर्षाचा चार अंकी टेक्स्टबॉक्स ठेवला, तो रिकामा सोडण्याची मुभा दिली, आणि दुष्काळाच्या साली जन्मलेल्या आजोबांचीही सोय झाली.

१ जुलैपासून अण्णांनी नव्या अर्जांच्या नोंदी पडद्यावर करून पाहायला सुरुवात केली. माझ्या दृष्टीने फॉर्म पूर्ण होता. पहिल्याच तासात दोन गोष्टी झाल्या. अण्णा माउस क्वचितच वापरतात, टॅब दाबत पुढे जातात, आणि टॅब दाबल्यावर कर्सर नावावरून थेट जतनच्या बटणावर आणि तिथून मोबाइलवर उडी मारत होता. कंट्रोल ज्या क्रमाने फॉर्मवर ठेवले गेले, त्याच क्रमाने टॅब चालतो, आणि मी बटण फार लवकर ठेवले होते. व्ह्यू मेनूत ‘टॅब ऑर्डर’ निवडले की प्रत्येक कंट्रोलवर आकडा दिसतो. हव्या त्या क्रमाने एकेकावर क्लिक करत गेले की क्रम सुधारतो. दुसरी गोष्ट एंटरची. एंटर दाबल्यावर जतन व्हावे म्हणून मी फॉर्मच्या ‘ॲक्सेप्टबटन’ या गुणधर्मात जतनचे बटण दिले होते आणि त्याचे मला कौतुकही होते. अण्णांना प्रत्येक रकान्यानंतर एंटर दाबण्याची सवय. नाव लिहिले, एंटर, आणि अर्धवट नोंद जतन. ती सोय मी त्याच दुपारी काढली. अण्णांनी आणखी एक सूचना केली, जी मला कोणत्याही माहितीत वाचायला मिळाली नव्हती: ‘जतन’ आणि ‘रद्द’ ही बटणे शेजारी शेजारी नकोत. आता ‘रद्द’ डाव्या टोकाला आहे.

त्याच आठवड्यात एक आजी सभासद होण्यासाठी आल्या. नातवाला गोष्टीची पुस्तके हवी होती आणि सभासदत्व त्यांना स्वतःच्या नावाने घ्यायचे होते. अण्णांनी मोबाइल क्रमांक विचारला. “भाऊ, मन्हाजोडे फोनच नही शे,” त्या म्हणाल्या. अण्णांनी रकाना रिकामा ठेवून पुढे जाण्याचा प्रयत्न केला, पण मी दहा अंकांशिवाय पुढे जाऊच न देणारी तपासणी लावली होती. कर्सर तिथेच अडकला. रद्दचे बटण दाबले जाईना, कोपऱ्यातली फुली दाबली तरी खिडकी बंद होईना. आजी उभ्या, अण्णा हतबल, आणि मी बाजूच्या खोलीत वर्तमानपत्रांची नोंद करत बसलेलो. शेवटी अण्णांनी शून्य दहा वेळा दाबले. रकान्यातून बाहेर पडताना होणाऱ्या ‘व्हॅलिडेटिंग’ या घटनेत चूक सापडताच पुढचा रस्ता अडवला की असेच होते. आता तपासणी फक्त जतनचे बटण दाबल्यावर होते, आणि जिथे चूक असेल त्या कंट्रोलशेजारी ‘एररप्रोव्हायडर’ लाल खूण दाखवतो. खुणेवर माउस नेला की कारण मराठीत वाचता येते. मोबाइलपुढे ‘फोन नाही’ असा एक चेकबॉक्सही आला.

६ जुलै, शनिवार. आठवड्याची रोकड जुळवताना पावतीपुस्तकापेक्षा पडद्यावरची बेरीज ६०० रुपयांनी कमी निघाली. अनामतीसाठी मी आकडा वरखाली करण्याचा ‘न्यूमेरिकअपडाउन’ कंट्रोल ठेवला होता, म्हणजे त्यात अक्षरे शिरणार नाहीत. त्याची कमाल मर्यादा मुळात १०० असते, हे मला ठाऊक नव्हते. अण्णा २०० टाइप करत आणि पुढच्या रकान्यात जाताच तो कंट्रोल एक शब्दही न बोलता त्याचे १०० करी. सहा सभासदांची अनामत अशी निम्मी झाली होती. पावत्या बरोबर असल्याने पैशांचा घोळ झाला नाही, तरी सचिवांना लेखी खुलासा द्यावा लागला, आणि ‘कमाल मर्यादा’ म्हणजे काय ते मला सभेत उभे राहून सांगावे लागले. सुरुवातीला मर्यादा वाढवली. नंतर विचार केला की आमची अनामत सभासदाच्या प्रकारावर ठरलेली आहे, तर ती विचारायचीच कशाला? आता प्रकाराचे रेडिओ बटण निवडले की रक्कम आपोआप दिसते आणि तो टेक्स्टबॉक्स केवळ वाचण्यासाठी आहे. वर्गणीचेही तसेच केले.

यानंतरची अडचण आपल्या भाषेतल्या माणसालाच येते, म्हणून थोडी विस्ताराने लिहितो. नाव मराठीत लिहून झाले की कीबोर्ड मराठीतच राहतो, आणि मग मोबाइल क्रमांकही मराठी अंकांत उमटतो. प्रत्येक चिन्ह अंक आहे ना, हे मी ‘इजडिजिट’ नावाच्या तपासणीने पाहत होतो, आणि ती तपासणी मराठी ७ लाही अंकच मानते, जे बरोबरच आहे. पण त्याच मजकुरातून संख्या काढायला गेले की संगणकाला फक्त इंग्रजी पद्धतीचे अंक कळतात आणि प्रोग्राम कोसळतो. जन्मवर्षाच्या रकान्यात हेच घडत होते. मोबाइलच्या रकान्यात कोसळत काही नव्हते, पण त्याहून वाईट होत होते: एकच क्रमांक दोन सभासदांच्या नावे दोन लिपींत साठवला गेला आणि शोधताना एकच सापडला. दोन रात्री मी कीबोर्डला दोष देत राहिलो. उपाय मात्र लहान आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि इंग्रजी शून्याचा ४८. पुढचे नऊही अंक दोन्हींकडे ओळीने येतात. म्हणून प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की इंग्रजी अंक मिळतो. रकान्यातून कर्सर बाहेर पडला की हे रूपांतर होते आणि अण्णांनी कोणत्याही अंकांत लिहिले तरी चालते. मोबाइल क्रमांक संख्या म्हणून न साठवता मजकूर म्हणूनच साठवावा, कारण त्याची बेरीज-वजाबाकी कोणी करणार नसते; चौकोनाची ‘मॅक्सलेंग्थ’ १० ठेवली की अकरावा अंक शिरत नाही.

नोंदी कोठे साठवायच्या, हा वेगळा विषय आहे. तूर्त त्या एका साध्या फाइलमध्ये युनिकोडमध्ये जातात आणि महिन्याला छापून नोंदवहीशी ताडल्या जातात. जुन्या सभासदांची एक यादी आमच्याकडे युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलिखित होती. ती या फॉर्ममध्ये चिकटवली तर निरर्थक चिन्हे येत होती, त्यामुळे ती पुन्हा हाताने भरावी लागते आहे. रोज वीस नावे होतात.

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन असतो. त्या दिवशी अण्णांच्या हस्ते पहिली अधिकृत नोंद करायची असे ठरले होते, परंतु सकाळपासून वीज नव्हती. नोंद १३ तारखेला, दुपारी झाली. कागदी नोंदवहीत ती आधी केली आणि पडद्यावर नंतर, ठरावाप्रमाणे.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. नावासाठी एकच चौकोन असावा की तीन, यावर मी तीनच्या बाजूने निर्णय घेतला: आडनाव, नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव. ऑगस्टच्या सभेत तो फॉर्म दाखवला तेव्हा आडनाव आधी यावे की नाव आधी, यावर पाऊण तास चर्चा झाली. छापील अर्जात आडनाव आधी आहे, नोंदवहीत नाव आधी आहे, आणि अण्णा दोन्हींकडे आडनाव शेवटी लिहितात. विषय पुढील सभेसाठी राखून ठेवला आहे. तोपर्यंत चौकोन आहेत त्याच क्रमाने ठेवावेत, अशी इतिवृत्तात नोंद झाली.